कुंपणाचा भागाकार

त्या साली आभाळ रोज दुपारी भरून यायचं, माणसांना मान वर करायला लावायचं आणि संध्याकाळी जसं आलं तसं निघून जायचं. पाऊस नाही, वारा नाही. नुसता अंगाला चिकटणारा उकाडा. शेतातल्या कांदाचाळीत साठवलेला कांदा त्या ओलसर हवेत आतून सडायला लागला. वरून बघावं तर गोल, लालसर, देखणा. हातात घेऊन दाबलं की अंगठा थेट पोटात. सडका आत राहिला की शेजारचेही नासतात, म्हणून घरातली तिन्ही माणसं सकाळ-संध्याकाळ चाळीत बसून कांदा निवडत होती. म्हातारा, म्हातारी आणि सून. हाताला वास असा बसला होता की साबणाने तो जायचा नाही, उलट साबणालाच कांद्याचा वास यायचा.

घरातलं चौथं माणूस गेल्या हंगामात याच चाळीपुढे गेलं. म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा. गावच्या शाळेत गणिताचे मास्तर होते, पण सुट्टीच्या दिवशी घरच्या कामाला गड्याच्या बरोबरीने उभे राहायचे. ट्रक भरून झाला, मास्तर चाकाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, आणायला उशीर झाला. गावाने मान हलवली, आयुष्य तेवढंच होतं म्हटलं आणि गाव आपापल्या कामाला लागलं.

सूनही शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली होती. शाळेने तिला तात्पुरतं घेतलं, मास्तरांच्याच वर्गावर. ती गेली, खडू उचलला आणि शिकवायला लागली. बायका एकमेकींना म्हणाल्या, "धीराची आहे हो." धीरबीर काही नव्हतं. तिला काही वाटतच नव्हतं. पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं. ती वेळेवर उठायची, वेळेवर जेवायची, कोणी विनोद केला तर ओठ हलवायची. रडू एकदाही आलं नव्हतं. सासूला ते दिसत होतं, पण ती त्याबद्दल बोलत नव्हती. चांगली बाई होती ती.

सासू फक्त एक गोष्ट मागायची. निवडायला बसली की कांद्याची पाटी पुढे ओढायची, एक क्रेट उपडा करायची आणि सुनेला म्हणायची, "लाव गं त्याला."

मग सून आपला फोन क्रेटवर उभा करायची आणि मास्तरांचा व्हिडिओ लावायची.

तो शाळेसाठी केलेला व्हिडिओ होता. शेताच्या शाळेकडच्या बाजूला कुंपण घालायचं काम निघालं होतं. मास्तरांनी फोन झाडाच्या बेचक्यात अडकवला आणि काम करता करता भागाकार शिकवला. शंभर फूट लांबीची बाजू, दर दहा फुटांवर एक खांब, तर खांब किती लागतील? मागे म्हातारा पहारीने खड्डा खणताना दिसायचा. मास्तर मातीत रेघ ओढायचे, तिच्यावर काड्या रोवायचे, कशाला तरी मोठ्याने हसायचे आणि शेवटी सांगायचे, शंभर भागिले दहा, म्हणजे दहा. दहा खांब.

मास्तरांचं हलतं-बोलतं असं घरात तेवढंच उरलं होतं. लग्नाच्या फोटोत ते हलत नव्हते. सासूला भागाकाराशी देणंघेणं नव्हतं. ती मान खाली घालून कांदे दाबत राहायची आणि हसण्याची जागा आली की हात थांबवायची. तेवढं हसणं ऐकून झालं की पुन्हा कांदा. म्हातारा त्या वेळी उठून चाळीच्या दुसऱ्या टोकाला जायचा. सून बसून राहायची. तिला तो आवाज ऐकू यायचा, शेजारच्या घरात कोणी बोलत असावं तसा.

एक दिवस हेडसरांनी तिला बोलावलं.

"नवीन फर्मान आलंय, बाई. व्हिडिओ लावून द्यायचा आणि शिक्षकाने पंख्याखाली बसायचं, हे यापुढे बंद. मध्ये मध्ये थांबवायचा, पोरांना विचारायचं, हाताने काहीतरी करायला लावायचं. प्रत्येक व्हिडिओच्या अशा कृती तयार करायच्या. पर्यवेक्षक बाई येऊन बघणार. जे व्हिडिओ जमतील ते राहतील. बाकीचे काढून तिथे तयार लावायचे."

"तयार म्हणजे?"

"एक ससा आहे. टोपी घातलेला. तो गणित शिकवतो." हेडसरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "मास्तरांचा काढायची वेळ येऊ नये, असं आपलं मला वाटतं."

"नाही येणार," ती म्हणाली. का म्हणाली तिला कळलं नाही. पण सशाला मास्तरांच्या जागी उभा राहू द्यायचा नाही, एवढं तिच्या मनात एखाद्या खिळ्यासारखं पक्कं झालं. कित्येक महिन्यांत तिला हवीशी वाटलेली ही पहिली गोष्ट.

ती कामाला लागली. व्हिडिओ कुठे थांबवायचा, थांबवून काय विचारायचं, पोरांच्या हातात काय द्यायचं. ती बटण दाबायची आणि मास्तर तोंड अर्धवट उघडून थांबायचे. पुन्हा दाबलं की पुढचा शब्द. एका जागी त्यांचे डोळे मिटलेले यायचे, तिथे थांबवणं तिने टाळलं. पहिला थांबा रेघ ओढल्यावर: तुमच्या पाटीवर अशीच रेघ ओढा, तिचे सारखे भाग करा. दुसरा, उत्तर सांगायच्या अगदी आधी: आता तुम्ही सांगा, खांब किती?

वर्गात तिने ते करून पाहिलं. खिडक्यांना गोण्या टांगून अंधार केला. फोनवरचं चित्र भिंतीवर दाखवणारं यंत्र शाळेत होतं, त्याला फोन जोडला. पहिला थांबा झकास जमला. दुसऱ्या थांब्याला सगळा वर्ग ओरडला, "दहा!"

एक मुलगी तेवढी गप्प. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती बाकावर टिकायचीच नाही. ती उभी राहून भिंतीवरच्या मास्तरांकडे तिरकं बघत होती.

"काय गं?"

"बाई, अकरा."

"कसे?"

"सुरुवातीला पण एक लागतो ना. नाहीतर तार बांधणार कशाला?"

सुनेने बटण दाबलं. भिंतीवरचे मास्तर म्हणाले, "दहा. दहा खांब."

मग मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं, "मास्तर चुकले!" आणि मग सगळेच हसले, बाकं वाजवली. भिंगरी हसली नाही. आपल्या हातून काहीतरी भलतंच झालं, अशा चेहऱ्याने ती मटकन खाली बसली. सून पाठीमागे हात घेऊन बोटं मोजत होती. अकराच. इतक्या वेळा तो व्हिडिओ बघितला, पण खांब तिने कधी मोजले नव्हते. त्या घरात कोणीच मोजले नव्हते.

पोरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत बातमी न्हाव्याच्या दुकानात पोचली. म्हातारा तिथेच खुर्चीत बसला होता, एक गाल करून झालेला, दुसऱ्यावर फेस. बाकावर पेपर वाचत बसलेला पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, "काय हो, मास्तरांना दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं म्हणे?" चेष्टाच होती. गिरणीवाला मनाने वाईट नव्हता, त्याची फक्त जीभ सैल होती. म्हातारा उठला, फडकं गळ्यातून काढून खुर्चीवर टाकलं आणि अर्ध्या फेसासकट रस्त्याने घरी आला. रस्त्यात लोक बघत होते. घरी येईतो फेस वाळून गालावर पापुद्रा धरला होता.

"तो भाग काप," तो सुनेला म्हणाला.

"मामा, उत्तरच कापलं तर उरलं काय?"

"मग सगळाच काढ. तो कोण ससा आहे म्हणतात, तो लाव."

"ससा?" सासूने मान वर केली. "कसला ससा?"

"तू गप बस." म्हातारा पाटीपुढे बसला आणि कांदे निवडायला लागला. "माझा मुलगा हिशोबात चुकायचा नाही. गावाने त्याला बोलावून शेतं मोजून घेतली. शेंबड्या पोरांनी त्याला हसायचं? मेल्यावर?"

चांगले कांदे तो सडक्यांत फेकत होता. सडक्या ढिगातून चांगले कांदे काढून, पुसून सून पुन्हा पाटीत टाकत राहिली. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी दुसरी बाजू सांगितली. चुकीचं उत्तर असलेला व्हिडिओ पर्यवेक्षक बाई ठेवणार नाहीत. कापला तर शेपूट तुटलेला व्हिडिओ कशाला ठेवायचा, म्हणतील. "दोन्हीकडून मार आहे," ते म्हणाले. "मार्ग एकच दिसतो. चूक पोरांनाच शोधायला लावा. ती कृतीच होईल. पण तुमच्या घरात चालेल का ते?"

शाळा सुटल्यावर ती वर्गात एकटी बसली. हेडसरांनी नवा स्पीकर दिला होता, चांगला टोपलीएवढा; पर्यवेक्षक बाईंपुढे तोच लावायचा, असं बजावून. चूक नेमकी कुठे सुरू होते ते तिला बघायचं होतं. गोण्यांआडून ऊन आत येत होतं. घाम पाठीवरून ओघळत होता. मास्तर भिंतीवर मोठे दिसत होते, खऱ्याहून मोठे. रेघ ओढली, काड्या रोवल्या, हसले.

आणि हसणं विरता विरता तिला एक आवाज ऐकू आला, जो फोनवर कधी ऐकू आला नव्हता. लांबून, धाप लागलेला, खड्ड्यात वाकून बोलणाऱ्या माणसाचा.

"दहा लागतील. दहा म्हण."

तिने मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सासऱ्याचा आवाज. मास्तर मागे वळून बघतात. क्षणभर. मग पुढे वळून खाली बघतात, आणि म्हणतात, "दहा. दहा खांब."

ती आता एकेक चित्र पुढे सरकवत गेली. मास्तर बापाकडे बघतात. मास्तर जमिनीकडे बघतात. रेघेवर काड्या आहेत. तिने उठून भिंतीजवळ जाऊन बोट लावून मोजल्या. अकरा. पुढचं चित्र. मास्तरांचा उजवा पाय उचललेला. पुढचं चित्र. पाय शेवटच्या काडीवर. पुढचं चित्र. काडी चपलेखाली गेलेली, आणि मास्तर कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागलेले.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मातीत अकरा काड्या त्यांनीच रोवल्या होत्या. बाप बोलला, म्हणून एक काडी पायाखाली घेतली.

ती भिंतीला टेकून उभी राहिली. अंगावर मास्तरांचा उजेड पडला होता, तिच्या साडीवर त्यांचा गुडघा. तिला वाटलं, आता रडू येईल. थांबून बघितलं. आलं नाही. तिने यंत्र बंद केलं, गोण्या काढल्या आणि घरी जाऊन कांदा निवडायला बसली.

म्हातारा बाजारात गेला होता. तिने सासूला विचारलं, "आई, शाळेकडच्या कुंपणाचा शेवटचा खांब तेवढा लाकडी कसा? बाकी सगळे सिमेंटचे आहेत."

"तो होय." सासू नख लावून एक कांदा तपासत होती. "दहाच आणले होते तुझ्या मामांनी. संध्याकाळी तार लोंबत राहिली. हे काही बोलले नाहीत, तोही काही बोलला नाही. पहाटे उठला, चाळीचा एक वासा पडला होता तो खांद्यावर टाकून गेला आणि पुरून आला. बाप उठायच्या आत."

"मामांना कळलं नाही?"

"डोळे आहेत की त्यांना," सासू म्हणाली. "लहानपणापासून तसाच. बाप बोलला की संपलं. शब्द खाली पडू द्यायचा नाही. मी म्हणायची, अरे, कधीतरी तोंड उघड. तर हसायचा." मग पाटी जवळ ओढून, "लाव गं त्याला."

सुनेने लावला. फोनचा आवाज तसाच बारीक, मागे वाऱ्याची खरखर. सासूचे हात हसण्याच्या जागी थांबले. त्यापुढचं तिला कधीच ऐकू आलं नव्हतं.

आता सगळं सुनेच्या एका बोटावर आलं. नवा स्पीकर लावून व्हिडिओ सलग दाखवला, तर सगळ्या गावापुढे म्हाताऱ्याची चूक उघडी पडणार. तो आवाज हसण्याला चिकटलेला, म्हणून हसण्याच्या आधीच थांबवून, मधला तुकडा ओलांडून पुढे लावला, तर चूक मास्तरांची राहणार, आणि दर वर्षी नवी पोरं यायची ती त्यांना हसत राहायची. तिसरा रस्ता तिने शोधून पाहिला, पण सापडला नाही. राहायचं याच घरात होतं. सासरा रागीट होता, हेकट होता, पण तिला 'माहेरी जा' असं त्याने एकदाही म्हटलं नव्हतं. आणि गेलेल्या माणसाला न्हाव्याच्या दुकानात बसावं लागत नाही. तिने ठरवलं, मधला तुकडा गाळायचा.

"मामा," तिने जेवताना सांगितलं, "मी काढत नाही तो व्हिडिओ. पोरांनाच चूक शोधायला लावणार आहे. त्याशिवाय टिकत नाही तो."

"म्हणजे त्याला हसायला लावणार."

"हो."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. मग त्याने तो खाल्ला. "मी येऊन बसणार," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर हसू देत."

पर्यवेक्षक बाई आल्या त्या दिवशी आभाळ जास्तच खाली आलं होतं. बाई अंगाने स्थूल, मानेभोवती रुमाल गुंडाळलेला, आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं. हेडसरांनी चार पालकांना बोलावलं होतं; गिरणीवालाही आला होता, ओशाळल्यासारखा. म्हातारा धुतलेला सदरा घालून मागच्या बाकावर बसला. बाक लहान मुलांचं, त्यामुळे त्याचे गुडघे छातीशी आले होते. सासू त्याच्या शेजारी. तिला कोणी बोलावलं नव्हतं. भिंतीवर मुलगा मोठा दिसतो आणि मोठ्याने बोलतो, एवढं ऐकून ती आली होती.

पहिला थांबा झाला. पोरांनी रेघा ओढल्या, भाग केले. पर्यवेक्षक बाई बाकांमधून फिरून बघत होत्या. सुनेने पुन्हा सुरू केलं. मास्तर काड्या रोवू लागले. आता थांबवायचं, आणि ओलांडून पुढे जायचं. तिचं बोट बटणावर गेलं.

मागच्या बाकावर सासू पुढे झुकली होती. कानामागे हात धरला होता. आता हसणार, म्हणून तिचं तोंड आधीच थोडं उघडलं होतं.

सुनेला बटण दाबवलं नाही. ते हसणं तिने कसं गाळायचं? कोणत्या हाताने?

मास्तर हसले. त्या मोठ्या स्पीकरमधून ते हसणं सगळ्या वर्गात भरलं, पोरंही उगाच हसली. सासूने डोळे मिटले. आणि मग, हसणं विरायच्या आत, धापा टाकणारा आवाज आला.

"दहा लागतील. दहा म्हण."

पोरांनी एकदम माना मागे वळवल्या. आवाज ओळखीचा होता. म्हातारा बाकावर तसाच, गुडघे छातीशी. त्याला कमी ऐकू यायचं, पण एवढं कमी नाही. भिंतीवर मास्तरांनीही मागे वळून बघितलं. मग खाली. मग पाय.

"दहा. दहा खांब."

सुनेने थांबवलं. आता जे व्हायचं ते झालंच होतं, म्हणून तिने आपली कृती पुढे चालवली. "खांब किती लागतील?"

"अकरा," भिंगरी म्हणाली. आणि आता इतरही म्हणाले, कारण ते सगळ्यांना कळलं होतं.

पर्यवेक्षक बाईंनी रुमालाने मान पुसली. "मग तुमचे मास्तर दहा का म्हणाले?"

त्यांना वाटलं होतं, पोरं टोकाचा खांब मोजायचा राहिला, असं काहीतरी सांगतील. पण भिंगरीने सरळ सांगितलं, "आजोबा म्हणाले म्हणून. मास्तरांनी बघा, काडी पायाखाली लपवली."

कोणी हसलं नाही. गिरणीवाल्याने खाली फरशीकडे बघितलं. सासूने डोळे उघडले होते आणि ती नवऱ्याकडे बघत होती, नुसती बघत होती.

"चला, बाहेर," सून म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "आता खांब आपणच व्हायचं."

मैदानात तिने दोरी पसरली. ठरावीक अंतरावर गाठी मारून ठेवल्या होत्या, दोन्ही टोकांनाही. प्रत्येक गाठीला एकाने उभं राहायचं, दोन गाठींमधली जागा मोजायची आणि मग पोरं मोजायची. उकाड्याने वर्गातली काही पोरं आजारी होती, आलेली सगळी तिने उभी केली. जागा मोजल्या, दहा. पोरं मोजली, तीही दहा. शेवटची गाठ मातीत पडून होती आणि भिंगरीच्या पुढची दोरी लोळत होती.

"बाई, एक कमी आहे," भिंगरी ओरडली. तिने इकडेतिकडे बघितलं. पालक दारात उभे होते. म्हातारा त्यांच्यापासून लांब, भिंतीच्या कडेला होता. तिने दोरी सोडली नाही, नुसती मान वळवली. "आजोबा, तुम्ही या ना. तिकडचं टोक धरा."

सुनेला वाटलं, तो आता निघून जाईल. तो आला. चपला घासत सगळं मैदान ओलांडून आला, वाकून गाठ उचलली आणि उभा राहिला. पोरांनी पहिल्यापासून मोठ्याने मोजायला सुरुवात केली. प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा होता. भिंगरी म्हणाली, "दहा." मग सगळे त्याच्याकडे बघत थांबले.

म्हाताऱ्याने दोरी ताणून धरली. "अकरा," तो म्हणाला.

पर्यवेक्षक बाईंनी हेडसरांना तिथेच सांगितलं, हा व्हिडिओ राहू द्या, आहे तसा, चुकीसकट. कापू नका. पोरांना तीच शोधू द्या. मग त्या चहाला गेल्या, हेडसर गेले, पालक गेले. सासूला गिरणीवाला हाताला धरून घरापर्यंत सोडायला गेला. घंटा झाली तशी पोरं दोरी टाकून पळाली.

सून पहिल्या टोकाकडून दोरी गोळा करत आली. कोपरावर गुंडाळत, एकेक गाठ घेत. म्हातारा आपलं टोक धरून तसाच उभा होता. त्याच्या पाठीमागे कुंपण होतं, सिमेंटचे खांब आणि शेवटी तो लाकडी. ती त्याच्यापर्यंत आली, दोरी दोघांच्या मध्ये ताणली.

"मामा, सोडा आता."

त्याने सोडली नाही. तो तिच्याकडे बघत नव्हता. "त्या दिवशी सकाळी आला होता माझ्याकडे," तो म्हणाला. "छातीवर हात ठेवून. म्हणाला, बाबा, जरा डॉक्टरकडे जाऊन येतो. मी म्हटलं, गाडी भरून घे, मग जा. माणसं खोळंबलीत. हो म्हणाला. काही बोलला नाही. गोणी उचलली."

सून त्या सकाळी तिथेच होती. गोण्यांची तोंडं शिवत बसली होती. मास्तर तिच्या पुढ्यातून गोणी उचलून नेत होते, प्रत्येक खेपेला. एकदा तिने हळूच विचारलंही होतं, काय रे, घाम किती आलाय. तर ते हसले होते. एकांतात ती त्यांना अरे-तुरे करायची, ते तिला सगळं सांगायचे, अगदी शाळेतल्या उंदराच्या गोष्टीसुद्धा. आणि हे सांगितलं नाही. हातभर अंतरावरून गोणी घेऊन गेले, आणि सांगितलं नाही.

तिला म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. तो कदाचित पुढे कधी येईल. आत्ता तिला आला तो मास्तरांचा. पोटातून वर आला, तापलेला, हातांत आणि कानशिलांत. इतक्या दिवसांत अंगाला पहिल्यांदाच काहीतरी कळत होतं आणि ते सोसवत नव्हतं. तिचे दात एकमेकांवर आपटायला लागले.

"मला तरी सांगायचंस की रे," ती त्या लाकडी खांबाकडे बघून मोठ्याने म्हणाली. "बापाला नाही म्हणता येत नव्हतं, कळलं. मी तिथेच होते ना. मला सांगायचंस. मी अडवलं असतं ट्रकला. मी भांडले असते."

शाळेतून पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. ती रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी, आणि गुंडाळलेली दोरी कोपरावरून घसरून पायाशी पडत होती.

म्हाताऱ्याने आपल्या हातातलं टोक खाली ठेवलं.